स्वप्नातच "हे स्वप्न आहे" हे ओळखायला कसे शिकावे?

प्रश्न (शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. हरभऱ्याला घाटे धरू लागले की मला एकच स्वप्न वारंवार पडते. रानडुकरांचा कळप वावरात शिरलेला असतो, मी टॉर्च घेऊन धावू पाहतो, पण पाय उचलत नाहीत. गेल्या महिन्यात अशाच एका स्वप्नात, टॉर्च बंद असूनही एकेक घाटा लख्ख दिसतो आहे हे माझ्या लक्षात आले आणि "अरे, हे तर स्वप्न आहे" असे मनात उमटले. त्या आनंदातच मला जाग आली. तेव्हापासून सजग स्वप्न, म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग, शिकण्याची ओढ लागली आहे. आपण जागे आहोत की स्वप्नात, हे तपासायची सवय लागावी म्हणून तीन आठवडे दिवसभर हाताची बोटे मोजतो आहे, पण पुन्हा काहीच घडले नाही. सध्या वीज रात्रीची असल्याने तीनच्या सुमारास तुषार संचाचे पाईप बदलायला उठावे लागते, त्यामुळे झोपही तुटक होते. मी सुरुवात कोठून करावी? आणि हे खरेच असते, की जागे झाल्यावर आपल्याला तसे वाटते?

उत्तर (निवृत्त शिक्षक, आर्वी)

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याने मलाही बरीच वर्षे छळले. ठळक स्वप्ने ज्या टप्प्यात पडतात त्या रेम झोपेत हातापायांचे स्नायू शिथिल असतात, परंतु डोळ्यांची हालचाल चालू राहते. याचाच उपयोग करून १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी, झोपेत असलेल्या एका व्यक्तीने डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून दिलेला, आधी ठरवलेला संकेत यंत्रावर नोंदवला. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवून दिले. तेव्हा ही गोष्ट खरी आहे.

आता बोटांविषयी. केवळ सवयीने मोजलीत तर स्वप्नातही तशीच मोजाल आणि सहा भरली तरी पुढे चालू लागाल. मोजण्याआधी "मी इथे कसा आलो, थोड्या वेळापूर्वी कोठे होतो?" असे मनापासून विचारा, मग नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा, स्वप्नात बहुधा तो सहज आत जातो. ही तपासणी दिवसभर करण्याऐवजी टॉर्च हाती घेताना करा, कारण तुमच्या स्वप्नाची खूण तीच आहे. उशाशी वही ठेवून, जाग येताच न हलता आधी स्वप्न आठवा आणि मग लिहा.

तीनच्या उठण्याला अडचण समजू नका. रेम झोपेचे टप्पे साधारण दीड तासाच्या अंतराने येतात आणि पहाटेकडे लांबत जातात, म्हणून चार-पाच तास झोपून उठणे व थोड्या वेळाने पुन्हा झोपणे ही या विद्येतील जुनी युक्ती आहे. पाईप बदलून खोपीत परतल्यावर, नुकतेच पडलेले स्वप्न डोळ्यांसमोर आणा, त्यात टॉर्च पाहताच आपण ते ओळखतो आहोत असे चित्र रंगवा आणि "पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल" असे म्हणत झोपी जा. ही लाबर्ज यांची पद्धत आहे.

एक कळकळीची विनंती आहे. उंचावरून उडी मारून किंवा स्टार्टरच्या तारेला हात लावून कधीही तपासणी करू नका. विहिरीच्या काठावर तर हा विचारही मनात आणू नका.

उत्तर (आरोग्य सेविका, वाशीम जिल्हा)

सरांचे म्हणणे पटते, पण दादा, तीनला उठणे तुमच्या कामाचे आहे, तेवढेच पुरे. वीज दिवसाची असेल त्या आठवड्यात यासाठी गजर लावू नका. दिवसभर फवारणी किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाची झोप कमी झाली तर त्याची किंमत वावरात मोजावी लागते. अशा सरावात कधी कधी जाग आल्यावरही अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. गावात याला भुताची बाधा म्हणतात, पण रेम झोपेतील शिथिलता जागेपणीही क्षणभर रेंगाळल्याने ते होते. श्वास शांत ठेवा, पायाचा अंगठा हलवण्याचा प्रयत्न करा, ते आपोआप सुटते. पूर्वी कधी भास झाले असतील किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये.

उत्तर (विद्यार्थिनी, अमरावती)

दादा, आनंदाने जाग येणे माझ्याही बाबतीत चार वेळा घडले. पाचव्या वेळी स्वप्नातल्या अंगणात उभी राहून मी तळहात एकमेकांवर घासले आणि समोरच्या सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवला. शेणामातीचा खरखरीतपणा बोटांना लागला आणि स्वप्न टिकले. सुरुवातीला उडायचा प्रयत्न करू नका, जवळची एखादी वस्तू धरून ठेवा.

प्रश्नकर्ता (अठरा दिवसांनी)

सर, ताई, सर्वांचे आभार. वहीत अकरा स्वप्ने लिहून झाली आहेत, पूर्वी सकाळी एकही आठवत नसे. काल पहाटे खोपीत झोपलो असता पुन्हा तोच कळप आला. मी टॉर्च पाहून नाक धरले, तर श्वास आत गेला. तळहात घासून खाली बसलो आणि हरभऱ्याचा पाला चुरगळला. बोटांना आंब लागल्याचेही स्पष्ट जाणवले. डुकरे समोरच चरत होती, पण या वेळी मी त्यांच्यामागे धावलो नाही.