वर्णपट : रंगच नसतील तिथे काय म्हणायचं?

पानपूरक :
मंडळी, एक अडलंय. एका कारखान्यासाठी कंपनं मोजायच्या यंत्राचं माहितीपुस्तक मराठीत करतेय. पानोपानी स्पेक्ट्रम आणि स्पेक्ट्रल अॅनालिसिस, आणि माझं फिजिक्स बारावीला संपलेलं, त्यामुळे हात आपोआप 'वर्णपट' आणि 'वर्णपट विश्लेषण' लिहून मोकळा झाला आणि पहिली वीस पानं पाठवूनही दिली. काल तिथल्या फोरमनचा फोन. "ताई, आमचा ग्राफ तर काळ्या रेघेचा आहे, ह्यात वर्ण कुठंय?" मला उत्तरच सुचेना. खरंच, रंगांचा संबंध नसेल तिथे वर्णपट चालतो का? नसेल तर दुसरं काय? स्पेक्ट्रम तसाच ठेवायला माझी हरकत नाही, पण आधी विचारून घ्यावं म्हटलं.

जुनी दौत :
फोरमनला माझा नमस्कार सांगा, योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. वर्णपट हा शब्द प्रकाशासाठीच घडवलेला, वर्ण म्हणजे रंग आणि पट म्हणजे पट्टा, कापड, मांडून ठेवलेली गोष्ट (सारीपाट, चित्रपट, हजेरीपट सगळे ह्याच घरातले). गंमत अशी की मूळ लॅटिन शब्दात रंग नाहीच. स्पेक्ट्रम म्हणजे नुसता देखावा, आभास. इंग्रजीत भुताला स्पेक्टर म्हणतात तो ह्याचाच भाऊ. न्यूटनने १६७२ च्या लेखात लोलकातून भिंतीवर पडलेल्या लांबट रंगीत पट्ट्याला हा शब्द लावला आणि तो चिकटला. म्हणजे त्यांच्या शब्दात रंग नव्हता म्हणून तो पुढे कुठेही लावता आला, आपण भाषांतर करताना रंग आत घातला आणि अडकलो. हिंदीवाल्यांचं वर्णक्रम, तिथेही तेच.

वन एक्स :
मेंटेनन्सचा माणूस आहे, बावीस वर्षं हेच केलंय, तेव्हा शॉप फ्लोअरवर काय बोलतात ते सांगतो. वर्णपट कोणीच म्हणत नाही. "स्पेक्ट्रम काढ" म्हणतात, जास्त करून नुसतं "रीडिंग घे" म्हणतात. मागच्या महिन्यातलीच गोष्ट घ्या, बॉयलरचा धूर ओढून बाहेर टाकणारा आयडी फॅन, मोटर १४८० आरपीएम, बेअरिंगच्या बॉडीवर मॅग्नेटवाला सेन्सर चिकटवला तर स्क्रीनवर आधी नुसती वेडीवाकडी खरड दिसते, ती बघून देवालाही काही कळणार नाही. बटण दाबलं की तीच खरड स्पेक्ट्रम होऊन येते. १४८० भागिले ६० म्हणजे २४.७ हर्ट्झ (सेकंदाला तितके फेरे), तिथे एक उंच काठी उभी. हे वन एक्स, म्हणजे शाफ्ट एका फेऱ्यात एकदा हिसका देतोय, बहुतेक वेळा बॅलन्सिंग गेलंय. दुप्पटीला म्हणजे ४९.३ ला उंच असती तर कपलिंगचं (मोटर आणि पंख्याच्या जोडाचं) अलाइनमेंट आधी बघितलं असतं. बरोबर १०० ला आली तर मोटरचं विजेच्या बाजूचं दुखणं असू शकतं, कारण सप्लाय ५० चा आणि १०० त्याची दुप्पट. आणि शाफ्टच्या पूर्ण पटीत न बसणाऱ्या ठिकाणी काठ्या उगवल्या तर बेअरिंगवर संशय. आम्ही पंख्याची पाती उघडली, एका पात्यावर राखेचा हा एवढा थर. खरवडला, काठी निम्म्याच्या खाली बसली.

ह्या काठीला आम्ही पीक म्हणतो. "वन एक्सला पीक आलंय." शेतकऱ्यांची नवीन पोरं हसतात सुरुवातीला.

पानपूरक :
पीक आलंय 😄 हे पुस्तकात घालायची फार इच्छा आहे. पण मला अजून एक नीट सांगा, खरडीचा स्पेक्ट्रम होतो म्हणजे नक्की काय होतं? ते कळल्याशिवाय शब्द कसा निवडू?

वन एक्स :
बँकेत रोख भरायची स्लिप आठवा. एकूण भरणा १७,३५०, ही झाली खरड. शेजारी तक्ता असतो, ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती. तो तक्ता म्हणजे स्पेक्ट्रम. पैसे तेच, फक्त कुठल्या नोटा किती ते सुटं करून मांडलं. इथे नोटांच्या जागी हर्ट्झ.

जुनी दौत :
क्या बात है. आणि ह्यावरून आठवलं, विश्लेषणापेक्षा जुना 'पृथक्करण' इथे जास्त शोभतो. रसायनशाळेत अजून पृथक्करणच म्हणतात. एकत्र झालेलं वेगवेगळं करणं, अगदी तेवढंच तर चाललंय. गणितात ह्याचं श्रेय फूरिये ह्या फ्रेंच गणितज्ञाला, त्याचं पुस्तक १८२२ चं आणि विषय होता उष्णता. ना रंग, ना आवाज.

धाधिंना :
तबल्याचं बोलल्याशिवाय राहवत नाही. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट अॅप घ्या आणि दायाँवर एक स्वच्छ 'ना' वाजवा, मग शेजारी एखादं साधं बिनशाईचं (मधला काळा गोल थर नसलेलं) चामडं, डफ वगैरे वाजवून बघा. नुसत्या गोल ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर गणिताने येतात ते मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट, कशाचा कशाला मेळ नाही, म्हणून त्यात सूर असा ऐकू येत नाही, नुसता दणका. तबल्यात मधे शाई भरलेली असते, तिच्या वजनाने हे सगळे सरकून जवळजवळ १, २, ३, ४, ५ असे पूर्ण पटीत येऊन बसतात. रामन यांनी ह्यावर १९२० मध्ये लिहिलंय, पुन्हा १९३४ मध्ये सविस्तर, म्हणजे रामन परिणामाच्या आधीही आणि नंतरही हा माणूस स्पेक्ट्रमच बघत होता, एकदा आवाजाचा, एकदा प्रकाशाचा. ज्यांनी शेकडो वर्षांपूर्वी थरावर थर घोटून शाई लावली त्यांच्याकडे ग्राफ नव्हता, कान होता. माझं मत, आवाजाला 'स्वरपट' म्हणा.

बाराखडी :
स्वरपट गोड आहे पण कारखान्याच्या पंख्याला कसला स्वर. मला वेगळंच म्हणायचंय. तुम्ही सगळे वर्ण म्हणजे रंग धरून बसलात, अहो व्याकरणात वर्ण म्हणजे काय? तोंडावाटे निघणारा ध्वनी! वर्णमाला, वर्णविचार, स्वर आणि व्यंजन हे वर्णांचे प्रकार. म्हणजे आवाजाच्या स्पेक्ट्रमला वर्णपट म्हणणं चुकीचं तर नाहीच, उलट दुप्पट बरोबर.

आणि नुसता शब्दच्छल नाही हा. भाषाविज्ञानात आम्ही रोज हेच चित्र बघतो. पुरुषी आवाजात 'आ' म्हटला की जोर साधारण ७०० आणि १२०० हर्ट्झच्या आसपास दिसतो, 'ई' म्हटली की एक पट्टा ३०० ला खाली बसतो आणि दुसरा उडी मारून २३०० च्या आसपास जातो. घसा तोच, जीभ हलली फक्त. आता मराठीची खास गोष्ट. 'चाक' आणि 'चार', लिहिताना च एकच, देवनागरीने फरक दाखवलाच नाही, पण पडद्यावर दोन्ही ठेवा, चाकातल्या च ची घासणारी शेपटी 'स' सारखी वर, ४००० च्या पलीकडे जोर धरते आणि चारमधली 'श' सारखी बरीच खालून सुरू होते. परप्रांतातल्या विद्यार्थ्यांना 'त्स म्हणा त्स' असं सांगून जे जमत नाही ते हे चित्र दाखवून दहा मिनिटांत जमतं.

धाधिंना :
च च्या शेपटीला दाद! आणि न्यूटनने सात रंग पाडले ते सप्तकाच्या हिशेबाने, पट्ट्याचे भाग त्याने सुरांच्या अंतरांसारखे केले होते. म्हणजे रंग आणि सूर यांची सोयरीक पहिल्या दिवसापासूनची. उलट दिशेनेही आहे, सगळ्या हर्ट्झचा सारखा भरणा असलेल्या खरखराटाला व्हाइट नॉइज म्हणतात, पांढऱ्या प्रकाशावरून.

आडवाटेचा :
वर्णचा तिसरा अर्थ कोणी काढू नये ही विनंती, धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल.

गिर्ये बुद्रुक :
प्रकाशाच्या वर्णपटाचा विषय निघालाय तर आमच्या विजयदुर्गाचं नाव यायलाच हवं. १८६८ च्या ग्रहणात किल्ल्यावरूनच हेलियमचा शोध लागला, दुर्बिणींसाठीचे साहेबाचे ओटे अजून आहेत, १८ ऑगस्टला कार्यक्रम होतो.

जुनी दौत :
गिर्येकर, रागावू नका, पण तारखा गुंतल्यात. १८ ऑगस्ट १८६८ ला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ ग्रहण बघायला आंध्रातल्या गुंटूरला होता. हेलियमचं श्रेय ज्याला देतात तो इंग्रज लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच, त्याने २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा पाहिली, जी पुढे हेलियमची ठरली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. एवढ्याशा फरकावरून हे सोडियम नव्हे, नवीनच काहीतरी आहे म्हणायला छाती लागते. पृथ्वीवर तो वायू रॅम्झी ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागला १८९५ मध्ये.

पण विजयदुर्गाचा मान कमी होत नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर खरंच विजयदुर्गावर तळ ठोकून होता, आणि त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नेगमवाला आपली यंत्रं घेऊन जेऊरला गेले होते. त्यांचं आपल्याकडे कोणी नाव काढत नाही ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

गिर्ये बुद्रुक :
१८९८ चं माहीत नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं असं एका प्रतिसादात जातं होय. बरं, वर्णरेषा म्हणतात ती 'रेषा' कशी काय? रंगाचा ठिपका का नाही?

जुनी दौत :
उत्तम प्रश्न. कारण यंत्राच्या तोंडाशी उभी बारीक फट असते. प्रत्येक रंगात त्या फटीचंच एकेक चित्र उमटतं. फट गोल भोकाची केली तर रेषेऐवजी गोल टिकल्या दिसतील. रेषेचा आकार सूर्यातला नाही, यंत्रातला आहे. फ्राउनहोफर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१४ मध्ये सूर्याच्या पट्ट्यात अशा साडेपाचशेहून जास्त काळ्या रेषा मोजल्या. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ज्योतीत क्षार धरून रेषांवरून मूलद्रव्यं ओळखली, दोन नवीन सापडली त्यांना रेषांच्या रंगावरूनच नावं दिली, निळीवरून सीझियम, लालीवरून रुबिडियम. इथे वर्ण शब्द शंभर टक्के कमावलेला आहे.

खाडीकाठ :
मी जरा संथ माणूस, माझा स्पेक्ट्रम तासांचा. भरती-ओहोटीच्या नोंदी महिनोन्महिने घेऊन त्यांचं हेच पृथक्करण केलं की एक पीक १२ तास २५ मिनिटांना येतं, ते चंद्राचं, आणि एक बरोबर १२ तासांना, ते सूर्याचं. ही दोन कधी हातात हात घालतात तर कधी एकमेकांचे पाय ओढतात, फेरा पावणेपंधरा दिवसांचा. हातात हात म्हणजे उधाण, पाय ओढणं म्हणजे भांग. कोळ्यांकडे दोन्ही टोकांना शब्द तयार होतेच.

म्हणून मला फ्रीक्वेन्सीला कंप्रता म्हणतात त्या शब्दाचा त्रास होतो. विश्वकोशात कंप्रता, शाळेच्या पुस्तकात वारंवारता. दिवसातून दोनदा येणाऱ्या पाण्याला कंप कसला? १९७६ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या तळातून काढलेल्या गाळाचा असाच स्पेक्ट्रम काढून हिमयुगांची आवर्तनं दाखवली, सुमारे १ लाख वर्षं, ४१-४२ हजार, २३ हजार, पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या हेलकाव्यांशी जुळणारी. लाख वर्षांतून एकदा कापणारी वस्तू. वारंवारताच बरी, त्यात वार म्हणजे खेप आहे.

वन एक्स :
अजून एक शब्द टाकतो, सोडवा. स्पेक्ट्रमचा परत स्पेक्ट्रम काढण्यासारखं एक तंत्र आहे, गिअरबॉक्सला वापरतो. १९६३ मध्ये ते काढणाऱ्यांनी स्पेक्ट्रमची पहिली चार इंग्रजी अक्षरं उलटी करून (spec चं ceps) 'सेप्स्ट्रम' नाव ठेवलं. खरंय, थट्टा नाही, भूकंपाच्या नोंदीतला प्रतिध्वनी शोधायला केलं होतं. फ्रीक्वेन्सीचंही असंच उलटंपालटं करून क्वेफ्रन्सी.

बाराखडी :
मग मराठीत वर्णपटातले व आणि प आलटापालट करा. पर्णवट.

जुनी दौत :
उठून उभा राहिलोय. पर्णवट! हा शब्द घडवलेला नाही, झाडावरून पडलाय.

खाडीकाठ :
वारंवारतेचं काय मग, रवांवारता?

पानपूरक :
हसून हसून पुरेवाट 😄 तर, आज फोरमनशी पुन्हा बोलले. वर्ण म्हणजे ध्वनीसुद्धा हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, पंख्याने अजून बाराखडी म्हटलेली नाही." मग 'कंपनपट' सुचवला. ते दोनदा मोठ्याने म्हणून बघितल्याचं फोनवर ऐकू आलं. चालेल म्हणाले, पण प्रत्येक प्रकरणात पहिल्यांदा येईल तिथे पुढे स्पेक्ट्रम लिहा, कारण स्क्रीनवर तेच उमटतं आणि रात्रपाळीचा पोरगा पुस्तक नाही, स्क्रीन बघतो. तसं करतेय. प्रकाशाचं एकच पान आहे, तेलात झिजून आलेलं लोखंड-तांबं ओळखायच्या चाचणीचं, तिथे वर्णपट ठेवलाय. विश्लेषणाचं पृथक्करण केलंय. आणि पीक मी शिखर लिहिलं होतं, ते त्यांनी खोडून परत पीक केलंय.