बीबीएला प्रवेश घेताना नाव बघावं की स्कॉलरशिप?

हिशेबनीस

बारावीचा निकाल लागला की हा वाद घरोघरी सुरू होतो, म्हणून आकडे मांडून बोलू. समजा बीबीएला, म्हणजे व्यवस्थापनाच्या तीन वर्षांच्या पदवीला, दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. 'अ' हे नावाजलेलं अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, ट्यूशन फी वर्षाला ५ लाख, सवलत शून्य. 'ब' हे कमी नावाचं खासगी विद्यापीठ, फी ३ लाख, बारावीच्या टक्क्यांवर ७५ टक्के माफी, म्हणजे भरायचे ७५ हजार. हॉस्टेल-मेस दोन्हीकडे सारखं धरा.

'अ'साठी दरवर्षी ५ लाख असं १५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं. तीन वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं. या काळातलं सरळव्याज पहिल्या हप्त्यावर २ लाख, दुसऱ्यावर दीड, तिसऱ्यावर १, एकूण साडेचार लाख. फेड सुरू होताना डोक्यावर साडेएकोणीस लाख. दहा वर्षांसाठी ईएमआय साधारण २५,८००. पहिल्या नोकरीत हातात ३५ हजार येत असतील, तर उरलं काय?

त्यात बीबीए करणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे एमबीए करतात. आयआयएमांचे जाहीर निकष काढून बघा. कॅटचा (एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर, दहावी-बारावी-पदवीचे टक्के, कामाचा अनुभव, मुलींना जादा गुण. पदवीच्या कॉलेजच्या नावाला त्यात रकानाच नाही. माझं मत 'ब'.

दादरची मिसळ

हिशेब बरोबर, पण उदाहरण सोयीचं निवडलंय. एमबीए करायचंच हे गृहीत का? ज्याला पदवीनंतर लगेच कमवायचंय त्याला कॅम्पसवर कोण येतं हेच महत्त्वाचं. मोठ्या सल्लागार कंपन्या आणि बँका पदवीच्या मुलांसाठी मोजक्याच कॅम्पसवर जातात. बाकीच्यांना पोर्टलवर अर्ज टाकून वाट बघावी लागते, आणि तिथे अर्जांची पहिली चाळणी बऱ्याचदा कॉलेजच्या नावावरच होते.

गावाचाही विचार करा. मुंबईत सेमिस्टर चालू असताना आठवड्यातले दोन दिवस अंधेरी किंवा बीकेसीत इंटर्नशिप जमते. शहरापासून ४० किलोमीटरवरच्या कॅम्पसमधून ती फक्त मे महिन्यात जमते. तीन वर्षांनी एका बायोडेटात चार इंटर्नशिप असतात, दुसऱ्यात एक. ईएमआयचं म्हणाल तर पुढे एमबीएला प्रवेश मिळाला की बँका त्याच कर्जावर टॉप-अप देतात, फेड पुढे जाते.

हिशेबनीस

फेड पुढे जाते, व्याज थांबत नाही. टॉप-अप म्हणजे दोन कर्जं एका पोत्यात.

तळटीप वाचणारी

दोघांनीही ७५ टक्के माफी तीन वर्षं टिकणार असं धरलंय. ऑफर लेटरचं दुसरं पान वाचलंत का? अटी साधारण अशा असतात: सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) ८च्या वर, एकही बॅकलॉग (राहिलेला विषय) नको, हजेरी ७५ किंवा ८० टक्के, आणि शेवटी 'अंतिम निर्णय व्यवस्थापनाचा'.

खरी मेख गुणांकनात आहे. आठ सीजीपीए ही ठरलेली रेषा असेल तर अभ्यास करून गाठता येते. पण अट 'वर्गातल्या पहिल्या २५ टक्क्यांत' अशी असेल तर निव्वळ अंकगणित बघा. १२० जणांच्या वर्गात पहिल्या वर्षी ४० जणांना माफी दिली, तर पुढच्या वर्षी ती जास्तीत जास्त ३० जणांकडे राहू शकते. किमान १० जण कितीही घासली तरी बाहेर. माफी पहिल्या वर्षानंतर गेली तर हिशेबनीसांच्या 'ब'चे तीन वर्षांचे सव्वादोन लाखांऐवजी पाऊण अधिक ३ अधिक ३, म्हणजे पावणेसात लाख होतात. तरी 'अ'पेक्षा कमीच, पण घरच्यांनी तयारी सव्वादोनची केलेली असते.

प्रवेशाआधी ईमेलवर (फोनवर नको) चार प्रश्न विचारा. माफी फक्त ट्यूशन फीवर की परीक्षा, ग्रंथालय, विकास शुल्कावरही? फी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार? गेलेली माफी सीजीपीए सुधारल्यावर परत मिळते का? मागच्या बॅचमध्ये कितींना मिळाली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत कितींची टिकली? शेवटच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं, तर माफी पहिल्या वर्षापुरतीच आहे असं धरून चाला.

पीडीएफवाला

या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कॉलेजला न विचारताही मिळतं. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, भाग घेणाऱ्या संस्थेला भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये विद्यार्थिसंख्येच्या तक्त्यात शेवटचे रकाने असतात: पूर्ण ट्यूशन फीची भरपाई सरकारकडून किती जणांना, संस्थेच्या निधीतून किती जणांना, खासगी संस्थांकडून किती जणांना. जाहिरातीत '१०० टक्क्यांपर्यंत स्कॉलरशिप' आणि संस्थेच्या निधीच्या रकान्यात शून्य, असं दिसलं तर काय ते समजा. अर्धी-पाऊण माफी मात्र त्या रकान्यात दिसत नाही.

खाली प्लेसमेंटचा तक्ता असतो. तीन वर्षांच्या पदवीची ओळ वेगळी बघायची. किती उत्तीर्ण, किती जणांना नोकरी, मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) किती, किती जण पुढे शिकायला गेले. सरासरी पगाराला भुलू नका, दोन मोठ्या पॅकेजांनी ती फुगते. दादरची मिसळ, नावाजलेल्या ठिकाणीही हा मध्यक एकदा बघाच. एक खोट आहे: त्या ओळीत बीए, बीएस्सी, बीबीए सगळे एकत्र असतात, म्हणून बीबीएचा आकडा वेगळा मागून घ्यावा लागतो.

दादरची मिसळ

मागते. पण मध्यकात इंटर्नशिप, सोबतची मुलं, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी दिसत नाहीत.

हिशेबनीस

पंधरा लाख मात्र दिसतात.

तालुका प्रतिनिधी

तुम्ही दोघं पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांतच अडकलात. तिसरी वाट सरकारी प्रक्रियेची आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस (हीही व्यवस्थापनाची पदवी), बीसीए (संगणकाची) एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्यात त्यांची सीईटी सुरू झाली. कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून) प्रवेश घेतला तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना लागू होतात. राजर्षी शाहू महाराज योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर निम्मी ट्यूशन फी. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ. या माफीला 'पहिल्या २५ टक्क्यांत' अशी वर्गातल्या रँकची अट नाही.

लोक चुकतात ते इथे: व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेला प्रवेश यात बसत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. म्हणजे हिशेबनीसांचा 'अ' आणि 'ब' दोन्ही बाद. तसंच मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. तो अभ्यासक्रम या सीईटीच्या बाहेर असल्यामुळे तिथे ही सवलत धरून चालू नका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून आधीच काढून ठेवा. खातं आधारशी नुसतं जोडलेलं पुरत नाही, थेट हस्तांतरणासाठी तेच खातं निवडलेलं हवं, नाहीतर पैसे भलत्याच जुन्या खात्यात जातात.

इंदूरी पोहे

नावासाठी पैसे मोजायचेच तर ज्या नावाने खरोखर काही बदलतं तिथे मोजा. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम (बारावीनंतर पदवी आणि एमबीए सलग) २०११ पासून चालू आहे. तिथे कॅट पुन्हा द्यावी लागत नाही, हा फायदा रोख आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, पण तसं बाहेर पडलात तर आयआयएमचं एमबीए हातात नसतं, आणि फी मात्र आयआयएमची भरलेली असते.

आणि नाव म्हणजे महाग, हेही सरसकट खरं नाही. दिल्ली विद्यापीठाचं शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज घ्या. फी खासगी विद्यापीठांपुढे किरकोळ, कंपन्या नावाजलेल्या. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, त्यात गणित लागतंच. आपल्याकडची मुलं हुकतात कारण अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो आणि घरी चर्चा निकालानंतर सुरू होते.

दादरची मिसळ

हे मान्य. पण तिथे जागा किती आणि अर्ज किती? उरलेल्या हजारो मुलांसाठी प्रश्न 'अ' की 'ब' हाच राहतो.

तळटीप वाचणारी

मग त्यांनी निदान पैसे अडकवू नयेत. 'ब'ची तारीख आधी येते, 'अ'ची यादी नंतर लागते, म्हणून लोक 'ब'ची फी भरून बसतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी माघार घेतली तर पूर्ण परतावा (प्रक्रिया शुल्क ५ टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये), शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढे काही नाही. काही वर्षी यूजीसी वेगळं पत्रक काढून जास्त सवलत देते, तेही बघा. माघारीचा अर्ज ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तपासून लगेच परत मागा, संस्थेला ते ठेवून घेता येत नाहीत.

हिशेबनीस

आणि 'शेवटची तारीख' कुठली धरली आहे ते प्रवेश पुस्तिकेत बघा. फेरीची नव्हे, संपूर्ण प्रवेशप्रक्रियेची लागते. परताव्याची भांडणं बहुतेक इथेच होतात.