मदत हवी आहे: हिवाळ्यात सोलरवर सावली येईल का?

पुण्यात आमच्या गच्चीच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची पूर्व-पश्चिम भिंत चढतेय, गच्चीपासून 12 फूट होणार. आमचा सोलर वॉटर हीटर तिच्यापासून 14 फुटांवर. आईच्या सांधेदुखीला सकाळी कढत पाणी लागतंच.

अक्षांश 18.5 धरून 22 डिसेंबरला माध्यान्हीचा उन्नतांश (सूर्याची क्षितिजापासूनची उंची) 90 − 18.5 − 23.4 (त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या इतके अंश दक्षिणेला), म्हणजे सुमारे 48 अंश. सावली 12 भागिले टॅन 48, जेमतेम 11 फूट. इथवर ठीक.

पण सकाळी साडेनऊला सूर्य 29 अंशांवरच, सावली 21 फुटांच्या पुढे! ती तिरकी, वायव्येकडे पडते. मग दक्षिणेपासूनच्या 48 अंश दिगंशाच्या (सूर्याची दिशा दक्षिणेपासून पूर्वेकडे किती वळलेली, तो कोन) कोसाइनने गुणून भिंतीपासूनचं सरळ अंतर काढायचं ना? मला सुमारे साडेचौदा फूट आलं, म्हणजे काठाच्या जरा पुढेच.

कुणी तपासून द्याल का? भिंत पूर्ण व्हायच्या आत शेजाऱ्यांशी बोलायचंय.