आजीच्या कबरीच्या दगडावर काय लिहायचं?

मोठे काका (अश्दोद): शालोम सगळ्यांना. रविवारी आईला जाऊन तीस दिवस होतात. दगड त्याच दिवशी बसेल, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. जन्मसाल पासपोर्टावरचं 1931 घालू?

आत्या (दीमोना): नको दादा. ते मुंबईत पासपोर्ट काढताना अंदाजाने टाकलेलं. आई मिठाच्या सत्याग्रहाच्या उन्हाळ्यात झाली. म्हणजे 1930.

आत्या (ठाणे): बरोबर. माझी आई 33 ची, मावशीहून तीन वर्षांनी धाकटी. आणि गाव रेवदंडा लिहा हं, मुंबई नको.

धाकटा (लोद): माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. रेवदंडा इथे कोणाला कळणार? नुसतं भारत लिहिलं तर?

आत्या (दीमोना): तुला सांगते, जरा लांबेल.

आम्ही 1963 ला भारतातून इस्रायलला आलो. विमानातून उतरवलं आणि रात्री ट्रकमध्ये बसवून इथे आणून सोडलं. चार लोखंडी खाटा, एक स्टोव्ह, बाहेर नुसती वाळू. समुद्राकाठी वाढलेली बाई. सकाळी दार उघडून बराच वेळ उभी होती, मग आत येऊन तिने तांदूळ निवडायला घेतले. महिन्याभरात कापडाच्या गिरणीत लागली. कामाची पाळी संपली की हिब्रूच्या वर्गात, मला मांडीवर घेऊन.

त्याच्या आधी, 62 मध्ये, इथल्या मुख्य रब्बींच्या धर्मपीठाचा हुकूम निघाला होता. बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदींचं, लग्न समाजाबाहेर नोंदवायचं तर आधी आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. आम्ही खरे यहुदी की नाही म्हणून! आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न अडलं.

64 च्या उन्हाळ्यात आपली माणसं गावोगावहून यरुशलेमला जाऊन धरणं धरून बसली. आईने आम्हा तिघांना घेतलं, पोळ्या बांधल्या आणि गेली. मी आठ वर्षांची होते. फरशीवर चादर टाकून झोपायचो. एक माणूस वही घेऊन आला, तुमच्याकडे पुरावा काय म्हणाला. आईचं हिब्रू तेव्हा तोडकंमोडकं. पण उभी राहिली आणि म्हणाली, "रेवदंड्याला जा. आमच्या बापाचा घाणा शनिवारी कधी फिरला नाही. अख्खा गाव आम्हाला शनवार तेली म्हणतो. त्यांना विचारा."

मोठे काका (अश्दोद): मी तिच्या शेजारी होतो. त्या माणसाने वही मिटली होती.

आत्या (दीमोना): ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला, बेने इस्रायली सर्व बाबतींत यहुदी आहेत, बाकीच्यांच्या बरोबरीचे. आईने एलियाहू हन्नाबीला, आपल्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस केलेला. पोहे कुठूनसे मिळाले, ओला नारळ काही मिळेना. सुकं खोबरं गरम पाण्यात भिजवून किसलं, पाच फळं मांडली. ते अडलेलं लग्न झालं तेव्हा मेंदी आईनेच लावली.

धाकटा (लोद): आत्या, आजीने मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती फक्त आपल्या पूर्वजांच्या, नवगावला फुटलेल्या जहाजाची गोष्ट सांगायची, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या ती.

आत्या (ठाणे): मला तिची पत्रं यायची. गिरणीतली पाळी, मुलांचा ताप, नारळाची किंमत. धरण्याबद्दल एकच ओळ, "आठ दिवस यरुशलेमला होतो, मुलं बरी आहेत." अजून जपून ठेवलंय.

मोठे काका (अश्दोद): त्या पत्राचा फोटो टाक.

धाकटा (लोद): रेवदंडाच लिहा. मराठीत लिहिता येईल का?

आत्या (ठाणे): कोकणातल्या आपल्या दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही असतं. मी मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, कारागिराने तसंच उतरवावं. "डा"चा काना विसरू नका म्हणावं, ती फार चिडायची.

मोठे काका (अश्दोद): ठरलं. 1930, रेवदंडा, हिब्रूखाली मराठी.

आत्या (दीमोना): जेवायला बिरडं करतेय. वाल आजच भिजत घालते. सोलायला शनिवारी रात्री, शब्बाथ संपला की सगळे या. लोदवाल्यांनी कोथिंबीर आणा, इथली सुकलेली असते.

धाकटा (लोद): आणतो. सोलायचे कसे ते दाखव.