मदत हवी आहे: बलुतेदारी एक, सिद्धांत तीन. तुलना कशी लिहू?

नमस्कार मंडळी. पंधरा वर्षं नोकरी केल्यावर यंदा बहिःस्थ म्हणून समाजशास्त्राच्या एमएला नाव घातलंय. स्वाध्यायाचा विषय: समाज कसा चालतो हे सांगणाऱ्या प्रमुख सिद्धांतांची तुलना, एका उदाहरणासह. मी बलुतेदारी घेतली, कारण आमचं घर सुताराचं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजोबांनी हात चालेपर्यंत बलुत्यावर काम केलं.

पहिला मसुदा परत आला. शेरा होता, "तीन सिद्धांतांचे तीन परिच्छेद आहेत, तुलना कुठे आहे?" शेरा बरोबर आहे. पण तुलना करायला बसले की घरातलीच दोन माणसं समोर येतात.

आजोबा सांगायचे, पेरणीच्या तोंडावर पाभरीचा फण मोडला की शेतकरी रात्री कंदील घेऊन दारात. पैशाचं बोलणं नाही, वाकस उचलायची आणि कामाला लागायचं. सुगी झाली की खळ्यावरून बलुतं आणायचं. "आपल्यावाचून गावाची पेरणी अडायची," हे ते अभिमानाने म्हणायचे. हे प्रकार्यवादात चपखल बसतं: प्रत्येकाचं काम ठरलेलं, सगळे एकमेकांवर अवलंबून, म्हणून गाव टिकून. अभ्यासक वायझर यांनी १९३६ साली उत्तरेतल्या करीमपूर गावाची जजमानी पद्धत, म्हणजे तिकडची बलुतेदारीच, साधारण अशीच मांडली.

आजीला मात्र खळं आठवतं. आजोबा पोतं घेऊन कडेला उभे, मालक हाक मारेपर्यंत. पीक बुडालं की पहिली कात्री बलुत्याला. आणि मिळायचं ते राशीच्या तळचं, खड्या-मातीसकट. ती दोन-दोन दिवस सूप घेऊन पाखडत बसायची. "हक्काचं होतं तर उभं का ठेवायचे?" हा तिचा प्रश्न. हा सरळ संघर्ष सिद्धांत. मानववंशशास्त्रज्ञ बायडेलमन यांनी १९५९ साली जजमानीबद्दल हेच म्हटलं, की जमीन ज्याच्या हातात, सत्ता त्याची.

माझे प्रश्न:

दोघांपैकी कुणालाही खोटं न ठरवता तुलना लिहिता येते का? प्रतीकात्मक आंतरक्रियावाद, म्हणजे रोजच्या बोलण्या-वागण्यातल्या खुणांतून समाज घडतो असं मानणारा तिसरा सिद्धांत, यात कुठे बसवू? आणि आम्ही स्पृश्य बलुतेदार. महार वतनालाही, म्हणजे महारांकडे वंशपरंपरेने आलेल्या गावकीच्या कामालाही, हीच मांडणी लावली तर ती प्रामाणिक ठरेल का? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतोय.

प्रतिसाद १

ताई, सिद्धांतांना एकमेकांसमोर उभं करण्याआधी प्रत्येकाचा प्रश्न काय आहे ते लिहा. प्रकार्यवाद विचारतो, हे टिकलं कसं? संघर्षवाद विचारतो, टिकल्याचा फायदा कुणाला? प्रश्न वेगळे आहेत म्हणून तुमचे आजोबा आणि आजी दोघंही खरं बोलतात.

मात्र "दोन्ही बाजू बरोबर" एवढ्यावर थांबू नका. समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी १९४९ मध्ये प्रकार्यवादाच्या आत राहूनच विचारलं होतं, की प्रकार्य आहे, पण कुणासाठी? जे एका गटाला उपकारक, ते दुसऱ्याला अपकारक असू शकतं. प्रकार्यवादाचा पाया घालणाऱ्या खुद्द दुर्खीमने १८९३ च्या श्रमविभागणीवरच्या ग्रंथात लादलेल्या श्रमविभागणीचं वेगळं प्रकरण केलंय आणि तिथे जातीचा उल्लेख आहे. तुलनेचा सांधा मला तिथे दिसतो.

आंतरक्रियावादासाठी हाका आठवा. कोण कुणाला अहो म्हणायचं?

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. एका जुन्या मांडणीत सुतार, लोहार, महार आणि मांग हे चौघेही थोरल्या कासेत येतात, म्हणजे बलुत्याचा मोठा वाटा त्यांचा. पण सुतार घराच्या ओसरीवर बसू शकत होता, महार नाही. धान्याच्या हिश्शाने प्रतिष्ठा ठरत नव्हती. वर्ग आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वेबरचं म्हणणं इथे वापरा, नुसता मार्क्स पुरणार नाही.

आणि बाबासाहेबांना तळटीपेत टाकू नका. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली लिहिलं. ते प्रकार्यवादाला दिलेलं थेट उत्तर म्हणून वाचता येतं. वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं होतं आणि कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ साली. मधली तीस वर्षं "हे टिकलं कसं?" या प्रश्नाला पुरेशी आहेत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हाकांचं वाचलं आणि लगेच आठवलं: पाटलाच्या चौदा वर्षांच्या पोरालाही आजोबा "पाटील" म्हणायचे, तो त्यांना "ए सुतारा". आजोबांचं नाव घेऊन गावात कुणी हाक मारल्याचं मला आठवतच नाही. तिसरा भाग इथूनच सुरू करते.

रविवारी गावी जातेय. खळ्यावर महाराचं बलुतं कुठे ठेवायचे आणि ते कोण कसं उचलायचं, हे आजीला विचारायचं आहे. याआधी मी ते कधीच विचारलं नव्हतं. ती सांगेल ते इथे लिहीन.