मदत हवी आहे: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६२ असूनही हृदयाच्या धमनीत नवा अडथळा, पांढऱ्या पेशींचा संबंध काय?

माळरान: माझ्या थोरल्या भावाची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तो स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) नियमित घेतो, एलडीएल ६२ आहे, तरीही दुसऱ्या धमनीत अडथळा वाढल्याचे निघाले आहे. ‘हा दाहाचा प्रकार दिसतो, पांढऱ्या पेशी तिथे जमतात’, एवढेच सांगून डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) ११ आहे. रक्षण करणाऱ्या पेशी धमनीत काय करतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करावे का? सोमवारी पुन्हा भेट आहे. आहाराचे सल्ले कृपया नकोत.

सूक्ष्मदर्शक: चाचणी साधी सीआरपी होती की एचएस-सीआरपी (तीच, पण अधिक सूक्ष्म)? त्या आठवड्यात ताप किंवा कुठे जंतुसंसर्ग होता का? मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी), चालू औषधे यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

निवृत्त_मास्तर: मी कित्येक वर्षे अर्जुनसालीचा काढा घेत आहे आणि मला काहीही त्रास नाही. कोलेस्टेरॉलचा बागुलबुवा औषध कंपन्यांनी उभा केला, हे आता डॉक्टरांनीच मान्य केले म्हणायचे.

पारिजात: मास्तर, तसे कोणीही मान्य केलेले नाही. रशियन संशोधक अनिचकोव्ह यांनी १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत असेच थर निर्माण केले होते, आणि दाहाची कल्पना तर त्याआधी जर्मन रोगविज्ञानी फिर्खो यांनी मांडली होती. दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली अडकून बदलतात, तेव्हा अस्तराच्या पेशी रक्तातल्या मोनोसाइटना (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) धरून ठेवणारे रेणू पृष्ठभागावर आणतात. मोनोसाइट आत शिरतात, त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, होतात, आणि हे मॅक्रोफेज बदललेले एलडीएल इतके गिळतात की चरबीने भरून त्यांच्या फेसाळ पेशी बनतात. त्या मेल्या आणि वेळेवर उचलल्या गेल्या नाहीत, की आत मृत पदार्थांचा गाभा साठतो. शिवाय मॅक्रोफेज कोलॅजन (आवरणाला बळकटी देणारे प्रथिन) तोडणारी विकरे सोडतात, तर काही टी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडून नवे कोलॅजन तयार होण्यास अडथळा आणतात. त्यामुळे वरचे आवरण पातळ होऊन फाटते, तिथे गुठळी होते आणि झटका येतो. सगळ्याच टी पेशी मात्र घातक नसतात. नियामक टी पेशी हा दाह आवरतात.

माळरान: आभारी आहे, पण औषधाचे काय?

वेशीबाहेर: माझ्या मते लगेच बायपास करून मोकळे व्हावे. स्टेंटवर स्टेंट बसवण्यात अर्थ नाही.

सूक्ष्मदर्शक: बायपासबद्दल कोणी विचारलेले नाही. माळरान, ‘प्रतिकारशक्ती दाबणे’ हा शब्दप्रयोग फार ढोबळ आहे. २०१७ च्या कँटोस चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह वाढवणारा रेणू रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध दिल्यावर, एलडीएल न घटताही, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले. त्यानंतर ४,७८६ रुग्णांवरच्या सर्ट चाचणीत अल्प मात्रेतल्या मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा काहीच लाभ दिसला नाही.

पारिजात: कोल्चिसिन हे दाह कमी करणारे औषध राहिले. २०१९ व २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत रोज ०.५ मिलिग्रॅमने फायदा दिसला.

सूक्ष्मदर्शक: आणि २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच दिलेल्या सात हजारांवर रुग्णांत तो दिसला नाही, हेही सांगावे. मूत्रपिंड अधू असेल, तर ते विषारी ठरू शकते.

माळरान: मधुमेह आहे, क्रिएटिनिन १.९ आहे. चाचणीच्या वेळी दाढेला पू झाला होता आणि गाल सुजला होता. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अजून चालू आहे. हे महत्त्वाचे असेल असे वाटले नाही.

सूक्ष्मदर्शक: हेच महत्त्वाचे आहे. सीआरपी १० च्या वर असेल तर आधी संसर्गाचा संशय घ्यावा लागतो; ११ हा आकडा दाढेचाही असू शकतो, त्यावरून धमनीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन आणि कोल्चिसिन एकत्र घेणे, तेही या क्रिएटिनिनवर, धोक्याचे आहे. शिवाय हे प्रतिजैविक काही स्टॅटिनची रक्तातली पातळीही वाढवते, म्हणून सोमवारची वाट न पाहता आजच डॉक्टरांना फोनवर क्लॅरिथ्रोमायसिन व स्टॅटिन या दोन्ही औषधांची नावे सांगावीत. आणखी एक, ‘६२ म्हणजे कमी’ हे गृहीत धरू नये. अशा रुग्णांसाठी २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ५५ च्या खालचे लक्ष्य आहे. एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारे दुसरे औषध जोडावे का, हे विचारावे.

निवृत्त_मास्तर: अर्जुनसालीने मूत्रपिंडाला काही होत नाही.

पारिजात: क्रिएटिनिन १.९ असताना कोणताही काढा डॉक्टरांना न सांगता देऊ नये.

माळरान: फोन केला. क्लॅरिथ्रोमायसिन बदलून दिले. दाढ बरी झाल्यावर एचएस-सीआरपी पुन्हा करायची आहे. ती उपाशीपोटी करावी लागते का?

पारिजात: नाही. मात्र दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी.