मोजून दोन पोळ्या खाते, तरी वजन वाढूनच राहिलं आहे

वैदर्भी (मानेवाडा, नागपूर)
वय ४३, उंची १५५ सेंमी, वजन ७१ किलो. धाकट्याच्या वेळी ५८ होतं. थायरॉइड मार्चमध्ये तपासला, बरोबर आहे. उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री हे दुकानातून आले की साडेदहाला पुन्हा तेवढंच. गुरुवार आणि चतुर्थी उपास. बाहेरचं म्हणाल तर एखाद्या रविवारी तर्री पोहे. तरी घरचे म्हणतात, दिवसभर काहीतरी खाऊन राहिली असशील. फार लागतं हो मनाला. चुकतंय कुठे?

इतवारीकर
ताई, पोळी बंद करा आणि ज्वारीची भाकर धरा. माझं ४ किलो उतरलं.

गृहअर्थशास्त्रवाली काकू
भाकर चांगलीच, पण गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. एकीऐवजी दोन मोठ्या भाकरी झाल्या तर फरक पडायचा नाही.

वैदर्भी, तू खोटं बोलत नाहीस, हे आधी सांगते. तू ताटात वाढून घेतलेलं तेवढंच लिहिलंस. पोराच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा, टाकवत नाही म्हणून फोडणी दिलेली कालची पोळी, सांभारवडी तळताना तोंडात टाकलेले दोन तुकडे, हे कोणतीच बाई जेवणात धरत नाही. मी कॉलेजात आहारशास्त्र शिकवायची आणि घरी येऊन तीस वर्षं हेच केलं. आठ दिवस वही ठेव. उभ्याने खाल्लेलंही लिही.

आणि तुझ्या लिहिण्यात वरण कुठेच नाही! सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्या वाट्याला तळचं पाणी येतं, मग आपण पोळीने पोट भरतो. प्रथिनं कमी पडली की चार वाजता पुन्हा भूक लागते आणि हात चिवड्याच्या डब्यात जातो. उपासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, वर तूप, आलू, दाणे. उपास मोडायला सांगत नाही. भगर आणि दही घे, खिचडी एकाच वेळी.

तेलाचा हिशेब कर. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. महिन्याच्या तेलाला घरच्या माणसांनी आणि ३० ने भाग. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहाराला रोज २७ ग्रॅम तेल धरलं आहे, आणि बैठं काम करणाऱ्या बाईची गरज १६६० कॅलरींची.

कंबरही मोज. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंमीच्या वर धोका धरतात. साखर ११२ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, ती डॉक्टरांना दाखवच. वजन उतरलं तर तीही खाली येऊ शकते.

वैदर्भी
काकू, वही ठेवली. बुधवारी एका दिवसात नऊ वेळा उभ्याने खाल्लेलं निघालं, मला खरंच माहीत नव्हतं. तेल पाच जणांत ६ लिटर, म्हणजे रोज माणशी ३६ ग्रॅम! कंबर ९६. परवापासून कुकर उघडला की घट्ट वरणाची एक वाटी आधी माझ्यासाठी काढून ठेवते. पहिल्या दिवशी हात थरथरला. सासूबाईंनी पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. काल त्यांनीच वाटीवर झाकण ठेवलं होतं.

जवसाची चटणी चालेल ना? आम्ही वर कच्चं तेल घेतो.

गृहअर्थशास्त्रवाली काकू
चालेल, चमचाभर. जवसात स्वतःचंच तेल भरपूर असतं. वरून तेलाऐवजी दही घे. आणि रात्री साडेदहापर्यंत थांबू नको, मुलांसोबत आठला जेव. ह्यांना वाढायला बस, पण तेव्हा ताट त्यांचं एकट्याचं असू दे.